रकाने पाच, वाजवणारे तेच : जेनेसिस बैठकीच्या नोंदी

३ मार्च २०२५, परभणी

जूनची बैठक माझ्या गळ्यात पडली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर दोन महिन्यांनी आम्ही ऐकायला जमतो. मागच्या वेळी मीच बोलून बसलो होतो की एका रॉक बँडमधून बाहेर पडलेल्यांनी पुढं एकेकट्यानं काय केलं, ते एकदा शेजारी शेजारी ठेवून ऐकू. आता निस्तरा. शनिवार १४ जून, दोन तास. येणारे तीस-पस्तीस. त्यातले निम्मे भीमसेनजी-किशोरीताईंवर वाढलेले, पाच-सहा कॉलेजची पोरं, उरलेले चहाला.

सगळ्यांचं म्हणणं बीटल्स घ्या. मला नको. ३१ डिसेंबर १९७० ला मॅकार्टनीनं बाकीच्या तिघांवर कोर्टात दावा लावला, आणि तेव्हापासून लोक गाणी कमी आणि भाऊबंदकी जास्त ऐकतात. शिवाय जॉन की पॉल हा निकाल प्रत्येकजण घरूनच घेऊन येतो.

जेनेसिस घेतो. आमच्यात कोणी ऐकलेला नाही, हे एक. दुसरं म्हणजे हा बँड फुटलाच नाही. माणसं एकेक करून निघाली आणि मागं राहिलेले जास्तच मोठे होत गेले. हे कोडं मला बरं वाटतं.

पद्धत : कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाच रकाने. गेब्रिएल, कॉलिन्स, हॅकेट, रदरफर्ड, बँक्स. प्रत्येकाखाली कधी निघाला, पहिली रेकॉर्ड, गाजलेलं काय, पडलेलं काय.

९ मार्च

पाया भरून झाला. चार्टरहाऊस या इंग्लंडमधल्या जुन्या बोर्डिंग शाळेतली पोरं, साल १९६७. पीटर गेब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स. फिलिप्स १९७० मध्येच निघाला, स्टेजची भीती. (त्याला सहावा रकाना द्यावा का? कागद संपला. समासात लिहिला.) त्याच वर्षी ड्रमवर फिल कॉलिन्स आला. निवड गेब्रिएलच्या आईवडिलांच्या घरी होती. कॉलिन्स लवकर पोचला, तर त्याला म्हणाले, तोवर पोहून घे. पाण्यात डुंबत त्यानं आधीच्या ड्रमरांचं वाजवणं ऐकलं आणि नंबर येईपर्यंत त्याला सगळं पाठ झालेलं. १९७१ मध्ये गिटारवर स्टीव्ह हॅकेट. झाले पाच.

गेब्रिएलची सोंगं आमच्या लोकांना पटकन कळतील. १९७२ मध्ये तो बायकोचा लाल झगा आणि डोक्यावर कोल्ह्याचं मुंडकं घालून स्टेजवर आला, बाकीच्यांना न सांगता. पुढं फुलाचा मुखवटा, म्हातारा, अंगभर गळवं आलेला प्राणी. पैठणच्या नाथांच्या मुलखात सोंगी भारूड समजावून सांगायची गरज नाही. सोंग बदललं की बोलणारा बदलतो, एवढं म्हटलं की पुरे.

मग आकडे भरले. अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलेली एकल गाणी : कॉलिन्स सात, गेब्रिएल एक. हॅकेट शून्य, बँक्स शून्य. रदरफर्डचं एक, तेही ‘माइक अँड द मेकॅनिक्स’ या त्याच्या दुसऱ्या बँडच्या नावावर. तक्ता दहा मिनिटांत भरला आणि बघून कंटाळा आला. एवढ्यासाठी दोन तास कशाला? फळ्यावर लिहून चहा पाजला की झालं.

१२ मार्च

जुनी हार्ड डिस्क उघडेना. रिपेअरवाला म्हणाला, डेटा येईल पण तिसरा हिस्सा. आला तो लग्नाच्या फोटोंचा. गाणी परत गोळा करणे आले.

२१ मार्च

आज ‘सॉल्सबरी हिल’. मे १९७५ मध्ये शेवटचा कार्यक्रम करून गेब्रिएल बँडमधून निघाला. आधीच्या नोव्हेंबरातच त्यानं बाकीच्यांना सांगितलं होतं, पण दौऱ्याच्या तारखा ठरलेल्या, म्हणून सहा महिने तोंड मिटून गात राहिला. घरी नुकतीच जन्मलेली पोर. तिचा जीव कसाबसा वाचलेला. १९७७ मध्ये पहिली एकल रेकॉर्ड आली आणि तिच्यात हे गाणं. टेकडीवर चढून खालच्या शहराकडं बघत केलेला निरोप आहे, बँडचं नाव कुठंच नाही.

शेजारच्या गुरुजींना बोलावलं. तबला शिकवण्यात चाळीस वर्षं गेली, पखवाजही वाजवतात, इंग्रजी गाण्याला नाक मुरडतात. नुसतं मोजा म्हटलं. गिटार सुरू झाली आणि गुरुजींचा हात मांडीवर पडला. दुसऱ्याच आवर्तनात म्हणाले, “सात हायेत.”

मी खूश. “म्हणजे रूपक?”

“कामून रूपक? सात दिसलं की रूपक म्हणायचं का?” त्यांनी गाणं थांबवायला लावलं आणि रूपक तोंडानं म्हणून दाखवला : ती ती ना, धी ना, धी ना. “रूपकाची सम खाली असती. पयल्या मात्रेला वजन नस्तं. तुमच्या ह्या गड्याची पयली मात्रा बगा कशी दणकन पडायली. ही खाली न्हाई. हे तीव्र्याकडं जायलंय.” आणि टेबलावर बोटांनी पखवाजाचा तीव्रा धरला, धा दिं ता, तिट कत, गदि गन. परत गाणं लावलं. खाली प्रत्येक मात्रेला पायाचा एकसारखा ठोका, वर गुरुजींची टाळी. माझ्या अंगावर काटा आला.

ध्रुवपदाच्या शेवटी मात्र गुरुजी चुकले. टाळी एकीकडं, गाणं दुसरीकडं. “थांबा, थांबा. इथं काय केलंय यानं?” तिथं गाणं दोन आवर्तनं चारात जातं आणि परत सातात येतं. तीन वेळा ऐकलं. चौथ्या वेळी गुरुजींनी बरोबर पकडलं, पण तोंडातून शाबासकी निघाली नाही. “मोडलं त्यानं. पण मोडून येळेवर घरी आला.”

हे वाक्य बैठकीत वापरणार. परवानगी घ्यायची राहिली.

३० मार्च

पाडवा. श्रीखंड, झोप. संध्याकाळी चंद्र दिसला, उद्या ईद. गच्चीवर गेब्रिएलचं ‘पॅशन’ ऐकलं, १९८९ चं. त्यात एका जागी नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा आलाप येतो. आपल्याकडच्या फेब्रुवारीतल्या उरुसात रात्रभर कव्वाली ऐकलेल्या माणसाला तिथं ओळख करून द्यावी लागत नाही. ‘वोमॅड’ हा जगभरच्या संगीताचा मेळा उभा करण्यात गेब्रिएल पुढं होता; १९८२ चा पहिलाच मेळा जबर तोट्यात गेला. आणि कर्ज फेडायला आलं कोण? सोडून दिलेला बँड. २ ऑक्टोबर १९८२, मिल्टन कीन्स, पावसात, फक्त एका रात्रीपुरते सगळे एकत्र. गेब्रिएलला स्टेजवर शवपेटीतून आणला. शेवटी हॅकेटही येऊन वाजवून गेला. तीनच वर्षांनी, १९८५ च्या वोमॅडमध्ये नुसरतसाहेब गायले.

म्हणजे गेब्रिएलच्या रकान्यातली सगळ्यात मोठी गोष्ट बाकीच्या चौघांनी वाचवली. ती कोणाच्या रकान्यात लिहू?

८ एप्रिल

आजचा दिवस कामी आला. साऊंड सर्व्हिसवाल्या दोस्ताच्या गोदामात बसलो होतो. लग्न, कीर्तन, सभा, सगळीकडं याचेच डबे. त्याला दोन गाण्यांचे ड्रम ऐकवले. एक गेब्रिएलच्या १९८० च्या रेकॉर्डमधलं पहिलं गाणं, ‘इंट्रूडर’. दुसरं कॉलिन्सचं ‘इन द एअर टुनाइट’, जानेवारी १९८१.

“दोन्ही एकच हायेत की,” दोस्त म्हणाला. “रूम पण तीच. गेट लावलाय.”

जवळजवळ सगळं त्यानं एका दमात सांगितलं. लंडनच्या टाउनहाऊस स्टुडिओत दगडी भिंतींच्या खोलीत ड्रम मांडलेले. आतल्या वादकाचं बोलणं बाहेर कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून खोलीत एक साधा माइक टांगलेला असतो. गाण्याशी त्याचा संबंध नसतो. वादक कुजबुजला तरी कळावं म्हणून त्या माइकवर कॉम्प्रेसर घट्ट आवळलेला : बारीक आवाज वर, मोठा आवाज दाबून. एकदा तो माइक चालू असताना कॉलिन्सनं आत ड्रम वाजवले आणि बाहेर बसलेले सगळे उडाले. ह्यू पॅडघम या इंजिनियरनं तो आवाज रेकॉर्ड करता यावा म्हणून रातोरात वायरिंग बदलून घेतलं आणि त्यावर गेट चढवला.

गेट म्हणजे काय ते लिहून ठेवतो, बैठकीत लागेल. आवाज ठरवलेल्या पातळीच्या खाली गेला की माइक पटकन बंद. दगडी खोलीत ठोका घुमायला लागतो, भला मोठा होतो, आणि विरायच्या आत दार धाडकन लागतं. म्हणून तो ड्रम एकाच वेळी देवळातला वाटतो आणि कपाटातलाही. गेब्रिएलनं वर आणखी एक अट घातलेली : झांजा बंद. पत्र्याचा एकही आवाज नाही. झांजेची किणकिण लांबत राहिली असती तर गेट उघडाच राहिला असता. त्यामुळं ही अट आणि ही युक्ती एकमेकांना बरोबर बसली.

दोस्ताला गेटचं प्रेम नाही. एकदा कीर्तनात त्यानं महाराजांच्या माइकला गेट जरा वर लावला होता. महाराज हळू आवाजात सुरुवात करायचे, त्यामुळं प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर गायब. ‘विठ्ठल’चा ‘ठ्ठल’ झाला. दोन अभंग होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही, नंतर मात्र गावानं लक्षात आणून दिलं.

तर मुद्दा असा. जगभर कॉलिन्सची सही म्हणून ओळखला जाणारा तो ड्रम गेब्रिएलच्या रेकॉर्डवर जन्मला. गेब्रिएलच्या डोक्यातला म्हणून ओळखला जाणारा तो आवाज कॉलिन्सच्या हातांनी वाजवलेला. एकानं झांजा काढायला लावल्या, दुसऱ्यानं हात चालवला, तिसऱ्यानं वायर बदलली. पुढच्या वर्षी कॉलिन्सनं पॅडघमलाच सोबत घेऊन आपली पहिली एकल रेकॉर्ड केली, स्वतःच्या मोडलेल्या संसाराची. तिच्यात साडेतीन मिनिटं नुसतं यंत्राचं टिकटिक, आणि मग तो ठोका.

तक्त्यातल्या पहिल्या दोन रकान्यांमधली रेघ खोडून टाकली.

१५ एप्रिल

रात्री साडेबाराला लाइट गेली, मोबाइलच्या उजेडात रेकॉर्डींवरची श्रेयं वाचत बसलो. एकदा हा किडा लागला की सुटत नाही. हॅकेटची पहिली एकल रेकॉर्ड १९७५ ची, तो अजून बँडमध्येच होता तेव्हाची : ड्रमवर कॉलिन्स, बेसवर रदरफर्ड, आणि एक गाणं कॉलिन्सच्या आवाजात. हे बँडला नवा गायक मिळायच्या आधी! नवा गायक शोधायला यांनी कितीतरी पोरं तपासली आणि शेवटी ड्रमच्या मागं बसलेल्यालाच उभं केलं. समासातल्या फिलिप्सची १९७७ ची रेकॉर्ड : सोबत रदरफर्ड, दोन गाणी परत कॉलिन्सच्या गळ्यातली. कॉलिन्सची १९८५ ची ‘नो जॅकेट रिक्वायर्ड’, जिला त्या वर्षीच्या अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तिच्या शेवटच्या ‘टेक मी होम’मध्ये मागं सूर धरणाऱ्यांत स्टिंग हा दुसरा गाजलेला गायक आहे आणि पीटर गेब्रिएल आहे.

पेन्सिलीनं रकान्यांतून बाण काढत गेलो. सकाळी बायकोनं कागद बघितला आणि विचारलं, “हे कोणाच्या शेताच्या वाटण्या करायलात?”

वाटणीच होती. फक्त विहीर सामाईक निघाली.

२४ एप्रिल

उरलेले तिघे. हॅकेट आधी : १९७७ मध्ये निघाला, कारण त्याच्या गाण्यांना रेकॉर्डवर जागा मिळेना. मागं राहिलेल्यांनी पुढच्या रेकॉर्डचं नावच ‘आणि मग उरले तीन’ अशा अर्थाचं ठेवलं. थंड डोक्याचा इंग्रजी विनोद. गंमत अशी की स्वतःच्या जागेसाठी बाहेर पडलेला हॅकेट आज जगभर हिंडून जेनेसिसचीच जुनी गाणी वाजवतो, आणि लोक तिकिटं काढून रडतात. मी याला हार म्हणणार नाही. घर सोडून गेलेला एकच भाऊ कधी कधी वडिलांची पोथी जपतो.

रदरफर्ड हुशार. आपला गळा चालत नाही हे त्याला वेळीच कळलं. त्यानं दोन चांगले गायक धरून ‘मेकॅनिक्स’ काढला. वडील गेल्यावरचं ‘द लिव्हिंग इयर्स’ मार्च १९८९ मध्ये अमेरिकेत पहिलं आलं. वडिलांशी बोलायचं राहून गेल्याचं गाणं आहे. हे लावलं तर हॉलमध्ये निम्मे डोळे पुसतील, म्हणून लावणार नाही. बैठक वेगळ्या वाटेला जाईल.

आणि टोनी बँक्स. याच्यासाठी मला वाईट वाटतं, आणि याच्यावरच मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. १९७३ चं ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ ऐका. सुरुवातीचा पियानो त्याचा. मधे एक चाल येते, ती आधी गेब्रिएल बासरीवर वाजवतो, हळू, उगाच गुणगुणल्यासारखी. पुढं तीच चाल हॅकेट गिटारवर घेतो, एकेक सूर ओढून, इतका लांब की श्वास रोखला जातो. जगात ती हॅकेटची चाल म्हणून ओळखली जाते. ती बांधली बँक्सनं, पियानोवर बसून. बासरीवाला निघून गेला, गिटारवाला निघून गेला, चाल दोघांच्या नावावर गेली. बांधणारा मागंच राहिला. १९७९ पासून त्यानं एकट्याच्या रेकॉर्डी काढल्या, एकही चालली नाही. २००४ मध्ये ‘सेव्हन’ नावाची वाद्यवृंदासाठीची रचना केली. ऐकली. बरी आहे, नेटकी आहे, पण वाट बघत राहतो की आता कोणीतरी हिला तोंडात घेईल.

बँक्सला लागतो दुसऱ्याचा गळा, दुसऱ्याची बोटं. एकट्याच्या कारकिर्दीचा तक्ता अशा माणसाला नेहमी शून्यच देणार. चूक तक्त्याची आहे.

४ मे

पुतणी पुण्याहून सुट्टीला आलीय, इंजिनियरिंगला आहे. तिचं ठाम मत : गेब्रिएल कलाकार, कॉलिन्स बाजारू. मी म्हटलं हे तू ऐकून म्हणतेस की वाचून? रागावली.

तिला जुलै १९८६ सांगितला. कॉलिन्सचा जेनेसिस ‘इनव्हिजिबल टच’ घेऊन अमेरिकेत पहिल्या नंबरावर, बँडच्या सगळ्या आयुष्यात एकदाच. पुढच्याच आठवड्यात त्यांना खाली कोणी ओढलं? गेब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’नं. त्याचंही पहिल्या नंबराचं ते एकच गाणं. अकरा वर्षांपूर्वी एका गाडीतून हिंडलेली माणसं एकाच शिडीच्या दोन पायऱ्यांवर, आणि ‘स्लेजहॅमर’ काही हिमालयातली साधना नाही, नाचायचं गाणं आहे. त्याच्या चित्रफितीसाठी गेब्रिएल १६ तास काचेखाली पडून होता, चेहऱ्याभोवती फळं-भाज्या एकेक चौकट सरकवत. लोकांना आवडावं म्हणूनच ना?

“पण काका, कॉलिन्सनं एवढी गाणी काढली की वीट आला.” हे मात्र खरं. एकल, बँड, दुसऱ्यांच्या रेकॉर्डी, आणि १३ जुलै १९८५ ला एकाच दिवशी लंडनात गाऊन काँकॉर्ड विमानानं फिलाडेल्फियात परत गाणं. गेब्रिएल मात्र २००२ नंतर नव्या गाण्यांची पुढची रेकॉर्ड देतो ती २०२३ मध्ये. एकानं भूक मारली, दुसऱ्यानं उपाशी ठेवलं. मला दोघांचा राग येतो, पण कॉलिन्सचा जास्त लवकर जातो.

१७ मे

लग्नसराई. दोस्ताचे सगळे डबे बाहेर. घराबाहेर रोज एक वरात, बेंजो पार्टीच्या आवाजात बँक्सचा पियानो ऐकायचा प्रयत्न सोडला.

यादी छाटली. २३ मिनिटांचं ‘सपर्स रेडी’ काढलं, जिवावर आलं. राहिलं : फर्थ ऑफ फिफ्थ, सॉल्सबरी हिल, इंट्रूडर, इन द एअर टुनाइट, पॅशनमधला तुकडा, स्लेजहॅमर, टेक मी होम. मधे मी कमी बोलायचं.

२९ मे

तालीम. इन्व्हर्टरवर अॅम्प्लिफायर चालला, पण हॉलचे पंखे चालू ठेवले तर सुरुवातीचा पियानो गायब होतो. पंखे बंद ठेवले तर माणसं गायब होतील. पंखे चालू.

१४ जून

झाली बैठक. आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही. एकोणचाळीस जण, खुर्च्या छत्तीस.

तक्ता भिंतीवर लावला तो बाणांसकट. खुलासा केला नाही. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ला कोणी कुजबुजलं नाही. गिटारवर चाल आली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका सरांनी मान हलवत विचारलं, “ही मघाची बासरीच ना?” एवढंच हवं होतं. ‘सॉल्सबरी हिल’ला गुरुजींनी भर सभेत तीव्रा धरला आणि चारची दोन आवर्तनं डोळे मिटून पार केली. टाळ्या गेब्रिएलपेक्षा त्यांना जास्त.

‘इन द एअर टुनाइट’ला ठोका यायच्या दहा सेकंद आधी लाइट गेली. इन्व्हर्टरनं धरलं, पंखे थांबले, हॉल एकदम शांत, अंधार, आणि त्या अंधारात ड्रम पडले. एक आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. ठरवून जमलं नसतं.

शेवटी थोडं सांगितलं. २००७ च्या दौऱ्यात मानेला दुखापत झाली ती झालीच; नंतर कॉलिन्सच्या हातात ड्रमची काठी धरायची ताकद राहिली नाही. बँडच्या शेवटच्या दौऱ्यात तो खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा पोरगा निक. २६ मार्च २०२२ ला लंडनमध्ये शेवटचा कार्यक्रम, तेव्हा प्रेक्षकांत गेब्रिएल बसलेला होता. मग ‘टेक मी होम’ लावलं आणि एवढंच म्हटलं की मागचे आवाज ओळखा. पुतणीनं ओळखला, आणि माझ्याकडं न बघता वहीत काहीतरी लिहिलं.

खर्च : चहा-बिस्कीट ६४० रुपये, फ्लेक्स केला नाही. साऊंडचे पैसे दोस्तानं घेतले नाहीत. फक्त डबे गाडीत चढवताना म्हणाला, त्या ‘इंट्रूडर’चे पहिले तीस सेकंद पेन ड्राइव्हवर टाकून दे. कशाला म्हटलं.

“डबे टेस्ट करायला. भिऊ नको, कीर्तनात न्हाई लावत.”